दाताचे मूळ विरघळू लागते तेव्हा: थ्री-डी स्कॅन (सीबीसीटी) कधी करावा आणि त्यातून काय कळते?

थोडक्यात

- शरीराच्याच पेशी दाताचे मूळ विरघळवू लागतात, तेव्हा त्याला रूट रिसॉर्प्शन म्हणतात. ही कीड नव्हे.
- बहुतेक वेळा हे दुखत नाही. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये ते अचानक दिसते.
- साधा एक्स-रे मूळ विरघळत असल्याचा संशय दाखवतो. नेमके कुठे, किती खोल आणि मुळाच्या कोणत्या बाजूला, हे सीबीसीटी नावाचा थ्री-डी स्कॅन दाखवतो.
- स्कॅनमुळे उपचाराचा निर्णय बदलणार असेल तरच तो करावा. सरसकट प्रत्येकाला त्याची गरज नसते.

दादरच्या शिवाजी पार्कवर सराव करताना सीझन बॉल तोंडावर बसतो. दहीहंडीच्या तालमीत लालबाग-परळच्या गल्लीत थर कोसळतो आणि एखाद्या मुलाचा पुढचा दात दुसऱ्याच्या डोक्यावर आपटतो. ओठ सुजतो, दात थोडा हलतो, बर्फ लावला जातो. आठवड्याभरात सूज उतरते आणि घरातले सगळे ते विसरून जातात.

दात मात्र विसरत नाही. काही महिन्यांनी, कधी कधी तर दहा-पंधरा वर्षांनी त्याच दाताच्या मुळाचा एक भाग नाहीसा झालेला सापडतो. तोपर्यंत ना कळ, ना ठणका. म्हणूनच डॉक्टर “मूळ विरघळतंय, थ्री-डी स्कॅन करून घ्या” म्हणाले की पेशंट गोंधळतात. दुखत नसताना स्कॅन कशाला? त्यात रेडिएशन किती? आणि एवढे करून दात वाचणार का? या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या लेखात आहेत.

## मूळ विरघळते म्हणजे नेमके काय होते?

दुधाचे दात पडताना तुम्ही हे पाहिलेले आहे. पडलेल्या दाताला मूळ जवळजवळ नसतेच. खालून कायमचा दात वर येत असताना शरीराच्या खास पेशी दुधाच्या दाताचे मूळ विरघळवून टाकतात. ते नैसर्गिक आणि आवश्यक असते.

कायमच्या दातांच्या बाबतीत असे होऊ नये अशी सोय शरीराने केलेली आहे. आपले हाड आयुष्यभर थोडे झिजते आणि पुन्हा भरते. दाताचे मूळ त्याच हाडात असूनही सुरक्षित राहते, कारण बाहेरून सिमेंटम आणि त्यावरील तंतूंचे पातळ आवरण त्याचे रक्षण करते. आतल्या बाजूने, म्हणजे ज्याला आपण दाताची नस म्हणतो त्या पल्पच्या बाजूने, दुसरा असाच थर असतो. मार, सततचा दाब किंवा जंतुसंसर्ग यांमुळे हे आवरण एखाद्या जागी खरवडले गेले, की हाड विरघळवणाऱ्या पेशींच्याच जातीच्या पेशी मुळावर चढाई करतात. दाब किंवा संसर्ग तसाच राहिला तर त्या पुढे सरकत राहतात.

एक गैरसमज इथेच दूर करू. हा कॅल्शियमच्या कमतरतेचा आजार नाही. कॅल्शियमच्या गोळ्या घेऊन विरघळलेले मूळ भरून येत नाही.

## याचे मुख्य प्रकार

उपचार प्रकारावर अवलंबून असतात, म्हणून ही नावे माहीत असलेली बरी.

दाबामुळे. दात सरळ करण्यासाठी लावलेल्या तारांमुळे मुळांची टोके थोडी आखूड होऊ शकतात. बहुतेकांमध्ये हे किरकोळ असते आणि तारा काढल्यावर सहसा थांबते. दुसरे उदाहरण वाट चुकलेल्या सुळ्याचे. वरचा सुळा टाळूकडे किंवा आडवा अडकला, तर तो शेजारच्या पटाशीच्या दाताचे मूळ विरघळवू शकतो. आडवी अक्कलदाढही पुढच्या दाढेच्या मुळाशी असेच करू शकते.

संसर्गामुळे. मार लागून दाताची नस मेली आणि तिच्यात जंतू शिरले, तर मूळ बाहेरून झपाट्याने विरघळते. लहान मुलांमध्ये काही आठवड्यांतही मोठे नुकसान होते. हा सर्वांत घाईचा प्रकार.

हाडाशी जखडल्यामुळे. पूर्ण निखळलेला दात उशिरा परत बसवला, तर मूळ आणि हाड यांमधले तंतू मेलेले असतात. दात हाडाला चिकटतो आणि हळूहळू मुळाच्या जागी हाड तयार होते. असा दात जराही हलत नाही आणि वाजवल्यास धातूसारखा आवाज येतो. वाढत्या वयाच्या मुलात तो शेजारच्या दातांपेक्षा आखूड दिसू लागतो.

दाताच्या मानेपाशी. हिरडीच्या रेषेजवळ बारीकशा भोकातून सुरुवात होते आणि आत भूलभुलैयासारखे जाळे पसरते. पूर्वी लागलेला मार, तारांचे उपचार, दात आतून पांढरा करण्याचे उपचार अशी पार्श्वभूमी अनेकदा सापडते. कधी काहीच कारण सापडत नाही. नस शेवटपर्यंत जिवंत राहू शकते, म्हणून दुखत नाही. कधी दातावर गुलाबी डाग दिसतो, तेवढीच खूण.

आतून. नसेच्या पोकळीतून सुरुवात होऊन मूळ आतल्या आत पोखरले जाते. फुग्यासारखी गोल फुगलेली पोकळी एक्स-रेवर दिसते.

## साधा एक्स-रे कुठे कमी पडतो?

एक्स-रे म्हणजे सावली. संध्याकाळी चाळीच्या गॅलरीत दोन माणसे एकामागे एक उभी राहिली, तर समोरच्या भिंतीवर एकच सावली पडते. मागे कोण, पुढे कोण, मध्ये अंतर किती, हे सावलीवरून सांगता येत नाही. दाताच्या एक्स-रेचेही तसेच आहे. मुळाच्या डाव्या-उजव्या कडेवरचा खड्डा चांगला दिसतो. ओठाच्या किंवा टाळूच्या बाजूचा खड्डा मात्र उरलेल्या मुळाच्या सावलीत लपतो किंवा मुळाच्या मधोमध असल्यासारखा भासतो.

यावर दंतवैद्यांकडे एक जुनी युक्ती आहे. कोन थोडा बदलून दुसरा एक्स-रे काढायचा. डाग मुळाच्या मध्यावरच राहिला तर तो बहुधा आतला, बाजूला सरकला तर बाहेरचा. अनेकदा एवढ्याने निदान होते आणि पुढच्या तपासणीची गरज उरत नाही. तुमच्या डॉक्टरांनी आधी दोन कोनांतून छोटे एक्स-रे काढले, तर तो वेळकाढूपणा नाही. योग्य क्रम तोच आहे.

पण डाग किती खोल आहे, नसेपर्यंत पोहोचला का, मुळाला आरपार भोक पडले का, हे दोन सावल्यांवरूनही खात्रीने सांगता येत नाही. वाट चुकलेल्या सुळ्यांच्या बाबतीत हे स्पष्टपणे दिसून आले. 2000 साली स्वीडनच्या एरिक्सन आणि क्युरोल यांनी अशा मुलांचे सीटी स्कॅन तपासले. साध्या एक्स-रेवर जेवढ्या मुळांना इजा दिसत होती, त्याहून बऱ्याच जास्त मुळांना ती झालेली आढळली.

## सीबीसीटी कसा काम करतो?

सीबीसीटी म्हणजे कोन बीम सीटी. शंकूच्या आकाराचा किरणांचा झोत डोक्याभोवती एकदा फिरतो आणि वाटेत शेकडो प्रतिमा टिपतो. संगणक त्यांपासून जबड्याचा त्रिमितीय ठोकळा तयार करतो. मग तो समोरून, बाजूने, आडवा, हवा तसा कापून बघता येतो. ब्रेडच्या लादीचा हवा तो स्लाइस काढून पाहावा तसा. दंतोपचारासाठीची ही यंत्रे 1990 च्या दशकाच्या अखेरीस इटली आणि जपानमध्ये विकसित झाली.

तुम्हाला बसून किंवा उभे राहून हनुवटी टेकवायची असते. यंत्र साधारण 10 ते 40 सेकंद फिरते. सुई नाही, दुखणे नाही, बंद बोगद्यात झोपणे नाही. फक्त अजिबात हलायचे नाही आणि त्या वेळी आवंढाही गिळायचा नाही. कानातले, नथ, चष्मा, काढता येणारी कवळी आधी काढून ठेवावी लागते.

दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली, स्कॅनचा भाग. एका-दोन दातांपुरता छोटा स्कॅन आणि दोन्ही जबड्यांचा मोठा स्कॅन यांत फरक आहे. एका दाताच्या मुळासाठी छोटाच हवा. दुसरी, बारकावा. प्रतिमेचा सर्वांत लहान कण यंत्राप्रमाणे साधारण 0.075 ते 0.4 मिलिमीटर असतो. मुळाच्या तपासणीला बारीक कणांचा स्कॅन लागतो.

## एकच एक्स-रे, दोन वेगळी सत्ये

समजा, गिरगावात राहणाऱ्या चाळिशीतल्या एक बाई दात साफ करून घ्यायला गेल्या. वरच्या पुढच्या दाताच्या मानेपाशी एक्स-रेवर काळसर डाग दिसला. दात दुखत नाही. शाळेत असताना त्यांनी तारा लावल्या होत्या. डॉक्टरांपुढे तीन वाटा आहेत: दुरुस्त करणे, नुसते लक्ष ठेवणे किंवा दात काढणे.

पहिली शक्यता: स्कॅनमध्ये दिसले की खड्डा ओठाच्या बाजूला आहे, मुळाच्या वरच्या तृतीयांशातच आहे, परिघाच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी पसरला आहे आणि नसेपासून दूर आहे. मग हिरडी थोडी उघडून, खड्डा साफ करून तो भरता येतो. कदाचित रूट कॅनालही लागणार नाही.

दुसरी शक्यता: तोच डाग, पण स्कॅनमध्ये खड्डा टाळूच्या बाजूने मुळाला जवळजवळ वेढा घालून मधल्या तृतीयांशापर्यंत उतरलेला. हा दात उघडला तर दुरुस्तीच्या प्रयत्नातच तुटेल. तो दुखत नसेल तर आहे तसा वापरत राहणे आणि ठरावीक काळाने तपासणे हेच शहाणपणाचे. पुढे काढावा लागलाच तर त्याची तयारी आधीपासून करता येते.

स्कॅनचा खरा उपयोग हा आहे. तो दात बरा करत नाही, पण वाचवता येणारा दात उगाच काढणे आणि वाचवता न येणाऱ्या दातावर पैसे आणि वेळ घालवणे, हे दोन्ही टाळतो.

### रिपोर्टवर “2Bd” असे काही लिहिले असेल तर

मानेपाशी विरघळणाऱ्या मुळांसाठी 2018 मध्ये पटेल आणि सहकाऱ्यांनी त्रिमितीय वर्गीकरण सुचवले. रिपोर्टमध्ये ते असे वाचा:

- आकडा, 1 ते 4: किती खाली गेले. 1 म्हणजे हाडाच्या कडेच्या वरच. 2 म्हणजे कडेखाली, पण मुळाच्या मानेकडील तृतीयांशात. 3 म्हणजे मधला तृतीयांश. 4 म्हणजे टोकाकडचा.
- मोठे अक्षर, A ते D: मुळाभोवती किती पसरले. A म्हणजे 90 अंशांपर्यंत, B म्हणजे 180 पर्यंत, C म्हणजे 270 पर्यंत आणि D म्हणजे त्याहून जास्त.
- छोटे अक्षर, d किंवा p: नसेचा संबंध. d म्हणजे खड्डा डेंटिनपुरताच आहे. p म्हणजे नसेपर्यंत पोहोचल्याची शक्यता.

आकडा लहान आणि अक्षर सुरुवातीचे, तेवढी दुरुस्तीची आशा जास्त.

## स्कॅननंतर उपचार कसे ठरतात?

- संसर्गामुळे असेल तर रूट कॅनाल लवकरात लवकर सुरू करून आत औषध भरतात. जंतू गेले की विरघळणे थांबू शकते. इथे स्कॅनच्या तारखेसाठी उपचार अडवून ठेवू नयेत.
- आतून असेल तर रूट कॅनाल हाच उपाय. स्कॅनमध्ये आरपार भोक दिसले तर ते बुजवायला एमटीएसारखे खास सिमेंट लागते.
- तारांमुळे असेल तर काही महिने दाब थांबवतात, मग हलक्या दाबाने पुढे जायचे की उपचार लवकर संपवायचे ते ठरवतात.
- सुळ्यामुळे असेल तर सुळा नेमका कोणत्या बाजूला आहे हे पाहून तो ओढून जागेवर आणायचा की काढायचा हे ठरते.
- हाडाशी जखडलेला असेल तर हे थांबवणारे औषध नाही. वाढत्या मुलात दाताचा वरचा भाग काढून मूळ हाडातच ठेवण्याचा मार्ग असतो, म्हणजे पुढे कृत्रिम दातासाठी हाड टिकते.

## स्कॅनला न दिसणाऱ्या गोष्टी

स्कॅन म्हणजे त्या दिवशीचा फोटो. विरघळणे अजून चालू आहे की वर्षांपूर्वीच थांबले आहे, हे एका स्कॅनवरून कळत नाही. त्यासाठी जुने एक्स-रे शेजारी ठेवून पाहावे लागते. दुसरे, धातूची कॅप, पिन किंवा रूट कॅनालमधले मटेरियल यांमुळे आजूबाजूला काळ्या-पांढऱ्या रेघा उमटतात आणि नसलेला खड्डा असल्यासारखा भासतो. तिसरे, अगदी सुरुवातीचे, कणापेक्षा बारीक खड्डे दिसत नाहीत. म्हणून दात तपासणारे डॉक्टर आणि स्कॅन वाचणारे तज्ज्ञ, दोघांची मते जुळवूनच निर्णय घ्यावा.

## रेडिएशन किती?

हवा, माती, अन्न आणि आकाश यांतून आपल्या सर्वांना नैसर्गिक किरणोत्सर्ग मिळतच असतो. जागतिक सरासरी वर्षाला सुमारे 2,400 मायक्रोसिव्हर्ट, म्हणजे दिवसाला 6-7.

- दाताचा छोटा एक्स-रे: साधारण 8 पर्यंत, म्हणजे एका दिवसाच्या आसपास.
- संपूर्ण जबड्याचा ओपीजी: साधारण 3 ते 24, म्हणजे फार तर चार दिवस.
- दातांच्या भागाचा सीबीसीटी: यंत्र, भाग आणि सेटिंग यांनुसार सुमारे 10 पासून 600 च्या पुढेही.
- हॉस्पिटलमधला जबड्याचा नेहमीचा सीटी स्कॅन: काही शे ते हजाराच्या वर.

सीबीसीटीच्या आकड्यांतली ही मोठी तफावतच सांगते की “छोटा भाग” मागणे का महत्त्वाचे आहे. एका प्रौढाच्या एका छोट्या स्कॅनचा धोका खूपच कमी असतो. मुलांच्या पेशी किरणांना जास्त संवेदनशील असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत “बघू तरी” म्हणून स्कॅन नको. तारा लावणाऱ्या प्रत्येक मुलाचा किंवा दर सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन करण्याची गरज नसते. गर्भवती असाल किंवा तशी शक्यता असेल तर आधीच सांगा. तातडी नसेल तर स्कॅन पुढे ढकलता येतो.

भारतात वैद्यकीय एक्स-रे यंत्रांवर अणुऊर्जा नियामक मंडळाचे, म्हणजे एईआरबीचे नियंत्रण असते. या मंडळाचे मुख्यालय मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. केंद्राकडे एईआरबीची परवानगी आहे का, हे विचारण्यात संकोच करू नका.

## मुंबईत स्कॅन करून घेताना

बहुतेक छोट्या क्लिनिकमध्ये सीबीसीटीचे यंत्र नसते. डॉक्टर चिठ्ठी देतात आणि तुम्ही दादर, परळ किंवा गिरगावातल्या एखाद्या स्कॅन सेंटरवर जाता. खर्च झेपत नसेल तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज हॉस्पिटलच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय हे दोन पर्याय जवळ आहेत. तिथे केसपेपर काढून आधी दात तपासून घ्या. स्कॅन लागतो का आणि कुठे करायचा, हे तिथले डॉक्टर सांगतील.

कुठेही गेलात तरी हे लक्षात ठेवा:

1. चिठ्ठीवर दाताचा क्रमांक, शंका काय आहे आणि “छोटा भाग” हे लिहून घ्या.
2. जुने एक्स-रे, ओपीजी, तारा लावण्याआधीचे रेकॉर्ड सोबत न्या.
3. नुसते छापील फोटो घेऊन येऊ नका. स्कॅनचा मूळ डेटा, ज्याला डायकॉम फाइल म्हणतात, सीडी, पेनड्राइव्ह किंवा लिंकवर मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायचे असेल तर पुन्हा स्कॅन करावा लागणार नाही.
4. लेखी रिपोर्ट मागा, शक्यतो ओरल रेडिओलॉजिस्टचा.
5. डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: “या स्कॅनमुळे माझ्या उपचारात काय बदलू शकतं?” उत्तर स्पष्ट मिळाले तर स्कॅन करा. “काहीच नाही” असे असेल तर थांबता येते.

## तातडीने कधी जावे?

- दातावर गुलाबी डाग दिसला किंवा मार लागलेला दात करडा पडला तर.
- पूर्वी मार लागलेल्या दाताजवळ हिरडीवर पुटकुळी आली किंवा पू आला तर.
- तारा चालू असताना एखादा दात प्रमाणाबाहेर हलू लागला तर.
- दहा-अकराव्या वर्षानंतरही वरच्या सुळ्याचा उंचवटा हिरडीत हाताला लागत नसेल तर.

आणि कायमचा दात मुळासकट निखळला तर तो मुळाला न धरता वरच्या पांढऱ्या भागाला धरा. माती लागली असेल तर दूध किंवा पाण्याने क्षणभर धुवा, घासू नका. जमल्यास लगेच खाचेत बसवून स्वच्छ रुमाल चावून धरा. नाही जमले तर दुधात ठेवा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे पोहोचा. कोरड्या कागदात गुंडाळू नका. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो.

असा दात बसवल्यावर खरी जबाबदारी सुरू होते. मूळ पूर्ण वाढलेले असेल तर दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनाल सुरू करावा लागतो. त्यानंतर पहिल्या वर्षात ठरलेल्या तारखांना आणि पुढे किमान पाच वर्षे दरवर्षी तपासणी करावी लागते. दात दुखत नाही म्हणून या तारखा चुकवू नका. मूळ विरघळते ते न दुखताच. ते वेळेत सापडले तर बहुतेकदा साधा एक्स-रेही पुरतो, आणि स्कॅन लागलाच तरी तोवर दात वाचवण्यासारखा उरलेला असतो.

*हा लेख माहितीसाठी आहे. उपचाराचा निर्णय तुमचा दात प्रत्यक्ष तपासणाऱ्या दंतवैद्यांच्या सल्ल्यानेच घ्या.*